रेशमावर बहावा: पसरलेलं मेण, हिरवं झालेलं आकाश आणि बाकी सगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताई दोन वर्षं सुती कापडावर बाटिक करतायत, म्हणजे मेण लावून तेवढा भाग रंगापासून राखायचा आणि बाकीचं रंगवायचं, ते छान जमतंय, आता पहिल्यांदा रेशमावर बहाव्याचे घोस काढले तर मेणाच्या रेघा पसरल्या, निळ्या आकाशाचं हिरवं झालं, पाकळ्यांवर नको तिथे तडे गेले आणि मेण काढल्यावर कापड कडक आणि निस्तेज झालं. शेवटी विचारलंय की हेच सगळं नैसर्गिक रंगात करता येईल का. मी गेली 24 वर्षं बाटिक करतेय, त्यातली 18 तरी रेशमावर, आणि यातली प्रत्येक गोष्ट माझ्याही हातून झालीये, म्हणून जरा वेळ काढून नीट लिहिते.

आधी कापडाचंच बोलू, कारण बऱ्याच जणींची सुरुवात इथेच चुकते. दुकानात सिल्क म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं आर्ट सिल्क असतं, म्हणजे व्हिस्कोज नाहीतर पॉलिस्टर. कडेचा एक धागा काढून जाळून बघा, केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरली तर रेशीम, टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर, त्याच्यावर आपले रंग चढणारच नाहीत. दुसरं म्हणजे जाडी. रेशमाचं वजन मॉमीमध्ये सांगतात, 1 मॉमी म्हणजे चौरस मीटरला साधारण 4.34 ग्रॅम. तुमचं कापड फोटोवरून 5-6 मॉमीचं, अगदी पातळ वाटतंय. शिकताना 8 ते 12 मॉमीचं घ्या, ते मेण धरून ठेवतं. आणि नवीन कापड रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवून, ओलसर असतानाच इस्त्री करून मगच वापरा, कारण त्यावर खळ किंवा फिनिश असेल तर मेण वर तरंगतं आणि रंग पॅचेसमध्ये बसतो.

आता मेण. सुती धागा मेण पिऊन घेतो, त्यामुळे कॉटनवर आपण बिनधास्त 115-120 डिग्रीचं मेण ओढतो आणि रेघ जिथे हवी तिथेच राहते. रेशमाचा धागा गुळगुळीत आणि कापड पातळ, त्यावर तेवढंच गरम मेण टेकवलं की ते टीपकागदावरच्या शाईसारखं चारी बाजूंना धावतं, तुमच्या रेघा त्यामुळेच पसरल्यात. मी पातळ रेशमाला 100-105 च्या आसपास ठेवते. थर्मामीटर घ्याच, स्वयंपाकघरातला साखरेच्या पाकाचा असतो तो चालतो. डबल बॉयलर वापरत असाल तर त्यात मेण 90 च्या पुढे फारसं जात नाही, पातळ रेशमाला निभतं पण टसरला, म्हणजे जाडाभरड्या धाग्याच्या रेशमाला, मेण आरपार जात नाही. थर्मामीटर नसेल तर डोळ्यांनी ओळखायची खूण सांगते. मेण लावल्यावर कापड तिथे काचेसारखं पारदर्शक दिसलं तर मेण आत गेलंय, पांढुरकं दुधाळ दिसलं तर ते नुसतं वर बसलंय आणि रंग त्याच्या खालून घुसणार. आणि मेणातून धूर यायला लागला तर ते जास्त तापलंय, लगेच गॅस बंद करा. मेण पेटलं तर पाणी कधीच टाकू नका, भडका उडतो. झाकण ठेवा, आग कोंडून विझते. मी भांड्याच्या मापाचं झाकण कायम हाताशी ठेवते, विद्यार्थिनी असल्या तर आधी झाकण दाखवते मग मेण.

मेणाचं मिश्रण हा तुमच्या तड्यांचा प्रश्न आहे. तुम्ही नुसतं पॅराफिन वापरलंय असं लिहिलंय. पॅराफिन ठिसूळ, कापड जरा दुमडलं की तडतडतं. मधमाशांचं मेण चिवट आणि लवचिक, 62-64 डिग्रीला वितळतं आणि कापडाबरोबर वळतं. पाकळ्या, बारीक रेघा, जे स्वच्छ राहायला हवं तिथे मी मधमाशांचं मेण 60-70 टक्के आणि बाकी पॅराफिन घेते, पकड यावी म्हणून चिमूटभर राळ. जिथे मुद्दाम तडे हवेत, समजा झाडाची साल, आटलेल्या तळ्यातली भेगाळ जमीन, तिथे प्रमाण उलटं करते. एकाच कामात दोन भांडी, दोन मिश्रणं, यात काही अवघड नाही. बहाव्याच्या पाकळीला नीट बघितलंत तर तिच्यावर खरोखरच बारीक शिरा असतात, पण तड्यांमधून त्या येतील ही आशा सोडा, तडा कुठेही जातो, शिरा देठाकडून कडेकडे जातात. शिरा हव्या असतील तर बारीक जंटिंगने, म्हणजे गरम मेण सोडायच्या तोटीच्या पेनाने, मेणाच्या रेघा म्हणूनच काढा. आणि ब्रश नैसर्गिक केसांचाच घ्या, नायलॉनचा गरम मेणात वळून जातो.

रंगाच्या टबात कापड कोंबलं की पण तडे जातात. पसरट टब घ्या, कापड आडवं पसरून राहील असा, पिळायचं अजिबात नाही, उचलून सावलीत दोन टोकांना टांगायचं. हवामानाचाही हात असतो. एप्रिल-मे मध्ये दुपारी मेण इतकं मऊ होतं की तडा जातच नाही, उलट कापड स्वतःलाच चिकटतं, त्या दिवसांत मी पहाटे साडेपाचला कामाला बसते. डिसेंबरात नळाच्या गार पाण्याचा रंग केला तर हात लावायच्या आधी तडे. तेव्हा रंगाचं पाणी खोलीच्या तापमानाला आणून मगच कापड सोडा.

आता हिरवं आकाश. याच्यावर जरा थांबते, कारण बाकी सगळं सामानाचं आहे, हे मात्र विचार करण्याच्या पद्धतीचं आहे.

तुम्ही बहाव्याचा फोटो समोर ठेवून आधी सगळं कापड पिवळ्यात बुडवलंत, पाकळ्यांवर मेण लावलंत आणि मग निळ्यात बुडवलंत. पिवळ्यावर निळं म्हणजे हिरवंच येणार. बाटिकमध्ये प्रत्येक नवा रंग खालच्या रंगात मिसळूनच दिसतो, फिक्याकडून गडदाकडे एकाच दिशेने जाता येतं, मागे फिरता येत नाही. पेंटिंगमध्ये शेवटी पांढरा ठिपका ठेवता येतो, इथे तो पांढरा ठिपका सगळ्यात आधी मेणाने राखून ठेवावा लागतो. म्हणजे चित्र सुरू करण्याआधी ते पूर्ण झालेलं डोक्यात असावं लागतं आणि मग उलट्या क्रमाने सोडवत यावं लागतं. मी अजूनही कागदावर रंगांचा क्रम लिहिल्याशिवाय गॅस पेटवत नाही.

बहाव्याला माझ्या मते सगळ्यात सुंदर उपाय म्हणजे निळं आकाश सोडूनच द्यायचं. कापड आधी फिक्या लिंबू पिवळ्यात. वाळलं की ज्या पाकळ्यांवर ऊन पडलंय तेवढ्यावर मेण. मग गडद, हळदीसारखा पिवळा. पुन्हा मेण, बाकीच्या पाकळ्या आणि त्या खालच्या टोकाला असतात त्या गोल कळ्या. मग अगदी पातळ निळा, तो पिवळ्यावर पोपटी होतो, तीच बहाव्याची नवी पालवी, तिच्यावर मेण. आणि शेवटी गडद हिरवट काळपट. जे घोस तुम्हाला निळ्या आकाशावर हवे होते ते आता दाट सावलीतून बाहेर झुलताना दिसतात आणि पिवळा जो काही पेटतो ना, तो निळ्यावर कधीच पेटत नाही.

निळं आकाश हवंच असेल तर बुडवून नाही, भरून करावं लागेल. कापड फ्रेमवर ताणा, प्रत्येक घोसाच्या कडेने मेणाची बारीक अखंड रेघ काढा, कुठेही फट नको कारण रेशमावर रंग फटीतून बाहेर पळतो, आत ब्रशने पिवळा भरा, पक्का होऊ द्या, मग तो सगळा पिवळा भाग दोन्ही बाजूंनी मेणाने झाका आणि बाहेर रुंद ब्रशने निळा सोडा. कडेला मेणाच्या रेघेची पांढरी ओळ राहते, ती उन्हाच्या कडेसारखी दिसते, मला आवडते. काहींना नाही आवडत.

पण खरं सांगू, बहावा हा रेशमावरचा पहिला विषय नाहीच. मी शिकवताना पहिला विषय देते तो सह्याद्रीच्या रांगांचा. पहाटे राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून बघितलंय ना, सगळ्यात लांबची रांग जेमतेम दिसते इतकी फिकी, तिच्या अलीकडची जरा निळसर, तिच्या अलीकडची आणखी, आणि पायाखालची सोंड जवळजवळ काळी. निसर्गाने इथे बाटिकचाच क्रम लावून ठेवलाय, फिक्याकडून गडदाकडे, लांबून जवळ. 18 बाय 24 इंचाचा तुकडा घ्या, वर अगदी फिका गुलाबी-पिवळा आकाशाला, त्यावर मेण. मग एकच निळा-करडा रंग पातळ करून बुडवा, वाळवा, सगळ्यात लांबच्या रांगेवर वरून मेण लावा. पुन्हा त्याच रंगात बुडवा, तो आधीच्या थरावर चढतो आणि एक छटा गडद होतो, पुढची रांग झाका. अशा पाच बुडवण्या, पाच रांगा. एका दिवसाला एक थर, पावसाळ्यात वाळायला दोन दिवस. रांगेच्या वरच्या कडेचं मेण जिथे जरा उचललं जातं तिथून रंग आत झिरपतो आणि तिथे धुकं बसल्यासारखं दिसतं, ते मुद्दाम करून येत नाही. हा एक तुकडा पूर्ण केलात की वर मी क्रम-क्रम करून जे लिहिलंय ते हाताला कळलेलं असेल.

जावामधल्या लोकांनी हे फार आधी ओळखलं होतं. उत्तर किनाऱ्यावरच्या चिरेबोनला मेगामेंडुंग नावाची नक्षी आहे, ढगांची, निळ्याच्या चढत्या छटा एकात एक. तोच क्रम. त्यांचं कावुंग म्हणजे चार लंबगोल एकत्र, ते एका ताडजातीच्या झाडाचं फळ आडवं कापल्यावर दिसतं तसं, आपण ताडगोळा कापून बघितला तर लगेच ओळख पटेल. त्यांनी फोटोसारखं झाड काढायचा हट्ट धरला नाही, मेणाच्या रेघेला झाडातलं जे पेलवतं तेवढं घेतलं. 2009 मध्ये युनेस्कोने इंडोनेशियाच्या बाटिकची मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली ती उगाच नाही. आपल्याकडे रवींद्रनाथ 1927 मध्ये जावाला गेले, शांतिनिकेतनात त्यांच्या सूनबाई प्रतिमादेवींच्या पुढाकाराने बाटिक रुजलं आणि तिथे त्यात अल्पनेची, म्हणजे बंगाली रांगोळीची, वेलबुट्टी आली. माझ्या बाई तिथे शिकलेल्या, त्यांनी पहिलं वर्षभर आमच्याकडून नुसती पानं काढून घेतली, प्रत्येक पानाची फक्त कड आणि तीन शिरा. तेव्हा कंटाळा यायचा. आज कुठलंही झाड बघितलं की आधी कडच दिसते.

रंगांबद्दल. कॉटनवर तुम्ही नॅफ्थॉल वापरत होतात, ते रेशमावर नको. त्याला कॉस्टिक सोडा लागतो आणि कॉस्टिक रेशीम खातं, रेशीम म्हणजे शेवटी प्रोटीन आहे, आपल्या केसांसारखं. शिवाय नॅफ्थॉल अॅझो कुळातले आणि भारतात 112 अॅझो रंगांवर बंदी आहे, सुट्या पुड्यांमधून नेमकं काय मिळतंय ते कळत नाही. अॅसिड रंग रेशमावर सगळ्यात तेजस्वी येतात पण त्यांना वाफ द्यावी लागते आणि वाफेत मेण वितळतं, त्यामुळे थरावर थर करता येत नाहीत. मी वापरते ते रिअॅक्टिव्ह रंगातले कोल्ड ब्रँड, दुकानात एम ब्रँड म्हणतात, एच ब्रँड आणू नका त्याला गरम पाणी लागतं. कॉटनला जेवढा वॉशिंग सोडा घालता त्याच्या निम्मा घाला आणि वेळ दुप्पट द्या. ब्रशने भरायचं असेल तर वॉशिंग सोडा नाहीच, कपभर रंगाला चमचाभर खायचा सोडा, वर युरियाचं पाणी म्हणजे कापड लवकर वाळत नाही, आणि प्लास्टिकखाली 24 तास ओलसर ठेवायचं. सोडा मिसळलेला रंग त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी त्यात जोर नसतो. फिरोजी हा सगळ्यात आळशी रंग, त्याला ऊब आणि जास्त वेळ द्या. आणि काळा रेशमावर काळा येईलच असं धरून चालू नका, बऱ्याचदा तो मरून रंगाचा, काळपट लाल होऊन बसतो, आधी चिंधीवर बघा. पूड मिसळताना मास्क लावा, या रंगांची पूड श्वासातून जाऊन दम्यासारखी अॅलर्जी होते, एकदा झाली की जात नाही.

तुमचं कापड कडक का झालं ते तुमच्याच वर्णनात आहे, मेण काढायला वॉशिंग सोडा घालून अर्धा तास उकळलंत. कॉटनला हेच करतात, रेशमाला नाही. माझी स्वतःची एक टसरची ओढणी अशीच गेली, ऑर्डरची होती, तीन आठवड्यांचं काम, रंग सगळे शाबूत आणि कापडाचं तेज पार उडालेलं, हाताला गोणपाट लागावं तसं. त्या दिवसापासून रेशमाजवळ उकळता सोडा नेलेला नाही.

असं करा. आधी कोऱ्या कागदात ठेवून इस्त्री, छापील वर्तमानपत्राची शाई फिक्या रंगावर उतरते म्हणून कोरा न्यूजप्रिंट. कागद बदलत राहा जोवर मेणाचा डाग येतोय तोवर. यानंतरही मेणाची तेलकट झाक राहते, ती इस्त्रीने कधीच जात नाही. मग मोठ्या पातेल्यात पाणी उकळीच्या अलीकडे, 85-90, त्यात रिठ्याचं पाणी किंवा सौम्य साबण, कापड सोडून काठीने हलवा. मेण वर येऊन तरंगतं. आता लक्ष द्या, कापड तसंच वर उचललंत तर ते तरंगतं मेण पुन्हा कापडाला लागतं. आधी कागदाची पट्टी पाण्यावरून फिरवून मेण टिपून घ्या, मग कापड पटकन दुसऱ्या गरम पाण्याच्या बादलीत. दोन-तीन वेळा. शेवटचं पाणी गार, त्यात लिटरला एक चमचा व्हिनेगर. व्हिनेगरने उरलेला सोडा मरतो आणि कापडाची ती सरसर परत येते, मुठीत धरलं की जो आवाज येतो तो. हे नको असेल तर ड्रायक्लीनवाल्याला आधी मेण आहे हे सांगून द्या, चांगलं निघतं. घरी पेट्रोल-रॉकेल वापरू नका, प्लीज.

नैसर्गिक रंगांचं. मंजिष्ठेसारख्या रंगांना उष्णता लागते आणि मेण साठीतच वितळतं, त्यामुळे मेण लावल्यावर हे रंग देता येत नाहीत. मेणाबरोबर खरा जमतो तो थंड हौदातला नीळ, म्हणूनच जगभरच्या जुन्या मेणकामात निळा इतका दिसतो. पण तुमच्या बहाव्यासाठी एक छान वाट आहे. मेण लावण्याआधीच अख्खं कापड तुरटी देऊन डाळिंबाच्या सालीत गरम रंगवून घ्या, सोनेरी पिवळा येतो, हळदीपेक्षा कितीतरी टिकाऊ, हळद उन्हात महिन्याभरात उडते. वाळल्यावर घोस मेणाने झाका आणि मग निळीत थोडाच वेळ, एक-दोन बुडवण्या, कारण निळीचं पाणी अल्कली असतं. पिवळ्यावर निळी म्हणजे हिरवी पार्श्वभूमी. ज्या हिरव्यामुळे तुमचा पहिला तुकडा बिघडला तोच इथे हवाय.

आणि हे करणार असाल तर एकदा टसरवर करून बघा. आपलंच आहे, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडचं, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचं. टसर मुळातच मधाच्या रंगाचं असतं, त्यामुळे त्यात पांढरा मिळणारच नाही, सगळ्यात उजळ रंग म्हणजे कापडाचा स्वतःचा. सुकलेलं गवत, सागाची पानगळ, उन्हाळ्यातलं रान यासाठी मला त्याहून चांगलं कापड माहीत नाही. धागा जाडाभरडा असल्याने मेण 110 पर्यंत गरम लागतं आणि मागच्या बाजूनेही एक हात द्यावा लागतो.

फ्रेम करून लावणार असाल तर उन्हाच्या समोरची भिंत सोडून कुठेही लावा, आणि काच कापडाला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवा. रांगांचा तुकडा केलात की मला मागच्या बाजूचाही फोटो पाठवा, मेण आरपार गेलंय की नाही ते मागूनच कळतं.